पिलांच्या आजारपणाबाबत

बालाघाट,
सोमवार, ता. १० ऑगस्ट १९६४

चि. सौ. प्रमोदिनीस अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. तुझ्या आईचा गुडघा दर पावसाळ्यात दुखतो तसा याही पावसाळ्यात दुखतो आहे. पत्राच्या डोक्यावर विषय लिहिण्याची कचेरीतली सवय रिटायर होऊनही सुटलेली नाही, म्हणून लिहितो. विषय : कोंबडीच्या पिलांचं आजारपण.

तू बरोबर वाचलंस. ज्या घरात चातुर्मासात कांदा शिरत नाही, त्या घराच्या परसात मी जुलैच्या पहिल्या आठवड्यात तीस पिलं आणून ठेवली. सरकारी केंद्रातली, पांढरी, विलायती जातीची. आणली तेव्हा एका दिवसाची होती. भोकं पाडलेलं खोकं मांडीवर घेऊन मी बसमध्ये बसलो होतो आणि शेजारचा माणूस विचारत होता, आत पेढे आहेत का म्हणून. शेजारच्या विमलाबाई म्हणाल्या, रिटायर झाल्यावर लोक काशीला जातात. तुझी आई म्हणाली, रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. मी सगळ्यांना सांगितलं, छंद आहे. माणसाला छंद असू शकतो.

तीन वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आज लिहितो आहे ती कोंबड्यांबद्दल, हे मला दिसतं आहे. पण इलाज नाही. तुझ्या सासूबाई, मैनाबाई, जन्मभर कोंबड्या पाळत आल्या आहेत असं ऐकतो. कुणाकडून ऐकलं ते विचारू नकोस. त्यांना पुढचा मजकूर वाचून दाखव आणि त्या काय म्हणतात ते कळव.

पिलं पाच आठवड्यांची झाली. गेल्या मंगळवारपर्यंत उत्तम होती. मी परसात गेलो की सगळी पायांत येत, एक तर माझ्या चपलेवर चढून उभं राहायचं. मंगळवारी तेच पिलू कोपऱ्यात दिसलं. पंख खाली सोडलेले, पिसं फुगलेली, डोळे मिटलेले, मान खांद्यात. मला वाटलं झोप येत असेल. दुसऱ्या दिवशी तशी चार झाली. एकमेकांना चिकटून बसतात, ऐन दुपारीसुद्धा थंडी वाजल्यासारखी. दाणा टाकला तर बघत नाहीत. विष्ठेत रक्त आहे, चांगलं लाल. आजवर सहा गेली. चोवीस उरली, त्यांतली नऊ आजारी.

स्वच्छतेत म्हणशील तर कसर नाही. तुझी आई तिकडे फिरकत नाही, म्हणून रोज सकाळी खुराड्याची जमीन मी स्वतः शेणानं सारवतो. हो, मी. तू पाहिलं असतंस तर आठ दिवस हसत राहिली असतीस.

ढोरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनाही चिठ्ठी पाठवली होती. मोतीलालजी म्हणून आहेत, नवे आलेत, जबलपूरकडचे. मी स्पष्ट हिंदीत लिहिलं, 'मेरे पिल्ले सख़्त बीमार हैं, दस्त में ख़ून आता है, छह मर गए.' त्यावर त्यांचं उत्तर आलं, 'सबको अलग-अलग ज़ंजीर से बाँधिए. हाथ मत लगाइए. किसी को काटा हो तो तुरंत ख़बर कीजिए.' आता मुठीएवढ्या पिलाला साखळी कुठून बांधू? म्हाताऱ्या पेन्शनराची थट्टा करायची असेल, असं समजून मी पुन्हा लिहिलं नाही.

तर एवढंच. तुझी प्रकृती कशी आहे ते चार शब्दांत लिहिलंस तर हरकत नाही.

कळावे,
गुणाकर

ता. क. पिलं डिसेंबरपर्यंत जगायलाच हवीत. उशीर करू नकोस.


बालाघाट,
गुरुवार, ता. २० ऑगस्ट १९६४

प्रिय पमू,

तुझ्याकडे उत्तर मागितलं होतं. तू सासूच पाठवलीस.

गेल्या आठवड्यात बुधवारी सकाळी मी परसात सारवत बसलो होतो. धोतराचा काचा मारलेला, कोपरापर्यंत शेण. मागच्या फाटकाशी कुणी खाकरलं. पाहतो तर मैनाबाई, डोक्यावर गोणी, हातात पिशवी. उकव्याहून पहिल्या बसनं आलेल्या. मी उठून नमस्कार करायला गेलो आणि हात पाहून तसाच थांबलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. खुराड्यात वाकून पाहिलं, जमिनीवर तळवा टेकवला, आणि म्हणाल्या, "काहून जी, कोंबड्या पाळून राह्यले का सत्यनारायण करून राह्यले? रांगोळी तेवढी राह्यली."

मी म्हटलं, स्वच्छता नको का?

"सच्छता पायजे, वल नाही पायजे. वरून बरसात, खालून तुमचं सारवण. त्या वल्यात लेकरं हगतात अन् थेच चोचीनं उचलतात. पोट बिघडन नाही त काय व्हईन?"

माझ्या हातात शेणाचा गोळा तसाच होता. पमू, तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या मसुद्यांतल्या चुका काढल्या. माझी इतकी मोठी चूक इतक्या थोड्या शब्दांत कुणी काढली नव्हती. सहा पिलं मी सोवळ्यानं मारली.

मग त्यांनी कामाला लावलं. सगळी पिलं टोपलीखाली घेऊन खुराडं मोकळं केलं. ओली माती दोन बोटं खरवडून लांब नेऊन टाकली. गोणीत त्यांनी आणला होता धानाचा कोरडा कोंडा आणि चुलीची चाळलेली राख. खाली राख, वर चार बोटं कोंडा. पाण्याची भांडी उकळत्या पाण्यानं धुवायला लावली आणि विटांवर ठेवायला सांगितली, म्हणजे पिलं त्यात पाय घालणार नाहीत. मग एकेक पिलू हातात घेऊन पाहिलं. तुरा पांढरा पडलाय का, पंख गळालेत का, शेपटीखाली लडबड आहे का. तसं दिसेल ते डावीकडच्या टोपलीत, धडधाकट ते उजवीकडे. मी आपला त्या सांगतील तसं उचलून देत होतो. माझ्या हाताखाली पाच कारकून होते, त्यांतला एकही इतका आज्ञाधारक नव्हता.

सगळं झाल्यावर त्या म्हणाल्या, "हे रगताची हगवन हाय. माह्या गावठी कोंबड्याइले झाली त थ्या निभावून नेतात. हे विलायती नाजूक. जागा मी सुकवली, पन पोटातली बिमारी माह्या हातची नाही. दवा लागन. डाक्टरले बलावा."

मी चिठ्ठीची हकिगत सांगितली. त्या म्हणाल्या, "कागद पाठोल्यानं बिमारी जाते का? सोता जा लागते."

गेलो. छत्री घेऊन, दोन आजारी पिलं पिशवीत घालून, ढोरांच्या दवाखान्यात. मी नाव सांगताच मोतीलालजी खुर्चीवरून उठून दोन पावलं मागे सरले. "बाबूजी, आपको काटा तो नहीं?"

मी म्हटलं, "काटेंगे कैसे? उनके तो दाँत ही नहीं हैं."

"इतने छोटे हैं?"

"छोटे तो हैं. चोंच मारते हैं कभी-कभी."

"चोंच? किसकी चोंच?"

"पिल्लों की."

मी पिशवी उघडून त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी आत डोकावलं आणि ते जे हसायला लागले ते थांबेनात. डोळे पुसत म्हणाले, "बाबूजी, हिंदी में पिल्ला कुत्ते का होता है. मुर्गी के तो चूज़े होते हैं." त्यांना वाटलं होतं, माझ्या घरी दोन डझन पिसाळलेली कुत्र्याची पिल्लं आहेत. गेले काही दिवस ते आपल्या गल्लीतून सायकलसुद्धा नेत नव्हते म्हणे.

आयुष्यभर मी साहेबांचे हिंदी मसुदे दुरुस्त केले, आणि एका पिल्लाशी येऊन आपटलो. हसावं की रडावं कळेना. पण त्यांचं हसणं इतकं मोकळं होतं की मीही हसलो. दवाखान्यात कुणाची म्हैस होती, तिचा मालक, डोमाजी की कोण, तोही कारण न विचारता हसत होता.

त्यांनी मग नीट तपासलं. मैनाबाईंनी ओळखलं तेच खरं. रक्ती हगवण, ओलाव्यातून होते, याच वयाच्या पिलांना जास्त. सल्फाचं औषध दिलं. तीन दिवस ते घातलेलंच पाणी, दुसरा थेंब नाही. मग दोन दिवस साधं पाणी, पुन्हा दोन दिवस औषध. जी पीत नाहीत त्यांच्या चोचीत थेंब थेंब सोडायचं. त्यासाठी माझ्या पेनात शाई भरायची नळी तीनदा उकळून घेतली. मैनाबाई पिलू धरायच्या, मी थेंब सोडायचो. पहिल्याच्या नाकात गेला आणि ते माझ्या तोंडावर शिंकलं. मैनाबाई म्हणाल्या, "हौ, आता बरं होईन. रागावते म्हंजे जीव हाय."

दुपारी तुझ्या आईनं बाहेर येऊन पदर सारखा करत विचारलं, या कोण पाहुण्या? मैनाबाईंनीही अनोळखी चेहरा केला. दोघींनी हात जोडले. मीही गंभीरपणे ओळख करून दिली. मग चहा आला, आणि कुणी काही न विचारता मैनाबाईंच्या कपात गूळ होता. मैनाबाई पहिल्याच घोटाला म्हणाल्या, "विहीनबाई, तुमची छत्री मागच्या टायमाले माह्याकडंच राह्यली," आणि जीभ चावली.

तुझ्या आईला सांग, मला दोन वर्षांपासून माहीत आहे. ती लालबर्ऱ्याला मावसबहिणीकडे म्हणून जाते. लालबर्ऱ्यात भाताच्या गिरण्या. तिथून येणाऱ्याच्या अंगावर कोंडा असायला हवा. हिच्या पातळाच्या काठाला दर वेळी काळी धूळ, तुमच्या उकव्याच्या खाणीतली. मँगनीजची खाण लालबर्ऱ्यात कधी निघाली, हे मी एकदाही विचारलं नाही. ती यायची त्या दिवशी मी कान देऊन असायचो, ती विमलाबाईंना काय सांगते म्हणून. तुझी बातमी मला खिडकीआडून मिळत होती. अशी मिळते तेवढी पुरे, असं मी स्वतःला सांगत आलो. पुरत नव्हती.

सांजच्याला मैनाबाई परसाच्या पायरीवर बसून राहिल्या, आत येईनात. त्या का येईनात ते त्यांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी त्या तुमच्या लग्नाची अक्षत घेऊन आल्या होत्या. मी त्यांना पुढच्या फाटकात उभं ठेवलं होतं, बसा म्हटलं नव्हतं, पाणी विचारलं नव्हतं. आपल्यातले नाहीत, म्हणून. दिवसभर त्या माझ्या पिलांची घाण काढत होत्या आणि त्याबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

मी म्हटलं, "मैनाबाई, आत या. त्या दिवशी मी फार वाईट वागलो."

त्या म्हणाल्या, "तुम्ही म्हनता त येतो." आणि आल्या. तुझ्या आईनं स्वयंपाकघरात आपल्या शेजारी पाट मांडला. दोन दिवस राहिल्या. दोघी रात्रंदिवस बोलत होत्या आणि मी गेलो की गप्प होत होत्या.

पाच पिलं आणखी गेली. ती फार खंगलेली होती. शनिवारी, पंधरा ऑगस्टला, सकाळी टोपली उचलली तर कोंड्यावर कुठेही लाल नव्हतं. मी पुन्हा पाहिलं. चष्मा लावून पाहिलं. मग मी ओरडलो, "अगं, साफ झाली, सगळ्यांची साफ झाली." तुझी आई पूजा टाकून धावत आली. कोंबडीच्या विष्ठेकडे पाहून आनंदानं ओरडणारा नवरा तिनं पहिल्यांदाच पाहिला. पण तीही बसली माझ्याबरोबर उकिडवी, गुडघा विसरून. आता एकोणीस आहेत. पिसं सपाट, डोळे उघडे, दाणा टाकला की एकमेकांच्या डोक्यावरून उड्या. चपलेवरचं पिलूसुद्धा वाचलं. ते कोंबडा निघणार म्हणे.

तेही मैनाबाईंनीच सांगितलं. जाताना त्यांनी सगळी पिलं एकदा पाहिली आणि बोट दाखवत गेल्या, हा कोंबडा, हा कोंबडा. निम्म्याला टेकले. मी चिंतेत पडलो. मी धरून चाललो होतो की कोंबडीची पिलं म्हणजे कोंबड्या.

"कोंबडे अंडे देत नाहीत जी," त्या म्हणाल्या. मग बसची वाट पाहताना, "एक सांगा. तुम्ही खानार नाही, विकनार नाही. मंग कायले पाळून राह्यले?"

मी म्हटलं, छंद. चोराच्या मनात चांदणं, मी छत्री उघडझाप करत बसलो. शेवटी त्या म्हणाल्या, "पयलं बाळंतपण माहेरात, हे रीत हाय. मी पाठवायले तयार हाव. पन बलावलं पायजे न कोनी." आणि बसमध्ये चढल्या.

पमू, आता लिहितो. जूनच्या शेवटी तुझी आई उकव्याहून आली आणि विहिरीवर विमलाबाईंना म्हणाली, पोरीला दिवस गेलेत. अंगात रक्त कमी आहे. डॉक्टरनं रोज अंडं खायला सांगितलंय, सासू खाऊ घालते. पण पहिलं बाळंतपण, माहेरी आणायचं म्हटलं, तर आमच्या घरात अंडं कुठून येणार आणि यांच्याशी बोलणार कोण? मी खिडकीआड उभा होतो. माझ्याशी बोलणार कोण, हे माझ्या बायकोनं शेजारणीला विचारावं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

बोलायला मला जमलं नाही. पण अंडं कुठून येणार, एवढं मी सोडवू शकत होतो. बाजारात जाऊन अंडी मागायची हिंमत नव्हती, सगळा बालाघाट मला ओळखतो. म्हणून पिलं आणली. सरकारी केंद्राच्या पुस्तिकेत लिहिलं होतं, विलायती कोंबडी पाच महिन्यांत अंड्यावर येते. मी बोटं मोजली. जुलैत आणली तर डिसेंबर. बाळ जानेवारीअखेर. बसत होतं. तुझ्यासाठी घर तयार ठेवायचं आणि मग बोलवायचं, असा माझा बेत. बोलवायची पाळी येईपर्यंत धीर येईल, असं वाटत होतं. पिलं मरायला लागली तेव्हा माझी झोप उडाली ती त्यांच्यामुळे नव्हे. ती गेली तर तुला बोलवायला माझ्याकडे काही निमित्तच उरत नव्हतं.

निमित्त कशाला हवं होतं, हे मला मैनाबाईंच्या बसमागून घरी चालत येताना कळलं. लेकीला बोलवायला बापाला कोंबडी लागत नाही. मी चुकलो, पमे. तुझं लग्न झालं त्या दिवशी चुकलो आणि त्यानंतर रोज चुकत आलो. तू रागावलेली असशील तर तो राग रास्त आहे. इथे येऊन माझ्यावर काढ, मी ऐकून घेईन.

तुझ्या आईनं परसात वेगळी शेगडी मांडली आहे. अंडं किती वेळ उकडायचं हे तिनं मैनाबाईंना विचारून भिंतीवर कोळशानं लिहून ठेवलंय, म्हणजे माझा छंद तिनंही आधीच ओळखला होता. कोंबड्यांनी वेळेवर काम केलं नाही तर मी बाजारात जाईन, भर रविवारी, पिशवी उघडी धरून. बघू दे कुणाला बघायचं ते.

हिरालालरावांना माझा नमस्कार सांग. आमची भेट नाही, हा दोष सर्वस्वी माझा. त्यांच्यासाठी वेगळं पत्र लिहायला घेतलं होतं, चार वेळा फाडलं. त्यांच्याशी समोरासमोरच बोलेन.

माहेरवाशिणीला आणायला माहेरचं कुणी जावं लागतं. मुऱ्हाळी पाठवल्याशिवाय लेकीनं येऊ नये, असं आपल्याकडे मानतात, आणि ते बरोबर आहे. मुऱ्हाळी म्हणून भाऊ जातो. तुला भाऊ नाही, चुलतभाऊ नागपुरात, आणि खरं सांगायचं तर मला हे काम दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही. मार्गशीर्ष लागला की पहिल्या बसनं मी उकव्याला येतो. तुझ्या घरी येईन, बसा म्हणालात तर बसेन, मैनाबाईंच्या हातचा गुळाचा चहा घेईन आणि तुला घेऊन परत येईन. रस्ता खराब आहे, उशी घेऊन येतो. तू फक्त तयार राहा.

वाट पाहणारा
तुझा मुऱ्हाळी,
बाबा